कॅलेच्या डब्यात कोण कोण होते?

रहस्यकथेचा शेवट आधीच सांगून टाकणे हा वाचकांच्या दरबारात मोठा अपराध मानला जातो. आज तो आम्हांस करणे भाग आहे. ज्या गोष्टीविषयी बोलावयाचे तिचे मर्म तिच्या शेवटातच आहे, आणि गोष्ट आता इतकी जुनी झाली आहे की तिचे गुपित राखण्याची जबाबदारी कोणावरच उरलेली नाही. अगाथा ख्रिस्तीबाईंची 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' ही कादंबरी १९३४ सालच्या जानेवारीत लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेत तीच 'मर्डर इन द कॅले कोच' या नावाने निघाली. तिच्यावर १९७४ साली सिडनी ल्यूमेट यांनी आणि २०१७ साली केनेथ ब्रॅना यांनी चित्रपट काढले. या दुसऱ्या चित्रपटात कादंबरीतील एक गोरा लष्करी अधिकारी कृष्णवर्णीय डॉक्टर झाला, एक इटालियन मनुष्य स्पॅनिश वळणाच्या नावाचा झाला, आणि एक स्वीडिश बाई स्पॅनिश झाली. त्यावरून वाद झाला. एका पक्षाचे म्हणणे असे की, इतिहासाचा हा विपर्यास आहे. १९३४ साली असल्या आलिशान गाडीत असा डॉक्टर असणे शक्य तरी होते काय? दुसरा पक्ष म्हणतो, चित्रपट आजच्या प्रेक्षकांसाठी काढावयाचा, तेव्हा त्यात सर्वांना जागा मिळाली पाहिजे. आम्हांस दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. प्रश्न इतिहासाचा असेल तर इतिहासच उघडून पाहावा हे बरे.

प्रथम गाडीचाच इतिहास पाहू. झोपण्याच्या डब्यांची कल्पना युरोपात आणली ती जॉर्ज नागेलमाकर्स या बेल्जियन तरुणाने. १८६०नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो अमेरिकेत गेला, तेथे पुलमन कंपनीचे डबे त्याने पाहिले, आणि स्वदेशी परतल्यावर आपली 'वागाँ-ली' कंपनी उभी केली. १८८३ साली तिची पहिली ओरिएंट एक्सप्रेस पॅरिसहून सुटली. नागेलमाकर्सने अमेरिकेतून डबे उचलले, पण डब्यांतली माणसे उचलली नाहीत. पुलमनच्या डब्यांत बिछाने घालणारे, जोडे पुसणारे, रात्रभर घंटीकडे कान लावून बसणारे नोकर कृष्णवर्णीय असत. त्यांतले आरंभीचे पुष्कळसे काल-परवापर्यंत गुलामीत असलेले होते. प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारीत. कारण मालकाचे नाव जॉर्ज पुलमन! मालकाच्या नावाने नोकराला हाक मारण्याची ही तऱ्हा गुलामीच्या दिवसांतलीच. या नोकरांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली आपली संघटना बांधली, आणि कंपनीला त्यांच्याशी करार करावा लागला तो १९३७ साली. म्हणजे ख्रिस्तीबाई कादंबरी लिहीत होत्या तेव्हा हा झगडा भर रंगात होता. तथापि त्यांच्या गाडीतला कंडक्टर फ्रेंच आहे, कारण युरोपातल्या गाडीत तो तसाच असावयाचा.

आगगाडीचा डबा हे आधुनिक काळातील समतेच्या कसोटीचे एक ठिकाण आहे असे म्हणावयास हरकत नाही. तिकिटाला पैसे पडले की डबा जात विचारीत नाही, अशी आपली समजूत असते. पण १८९२ साली लुइझियानात होमर प्लेसी हा गृहस्थ गोऱ्यांच्या डब्यात बसला म्हणून पकडला गेला, आणि १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डबे वेगळे असले म्हणून समतेला बाध येत नाही. १८९३ साली पीटरमॅरिट्झबर्गच्या स्टेशनावर पहिल्या वर्गाचे तिकीट खिशात असलेल्या गांधींना खाली उतरविण्यात आले. इतके दूर तरी कशाला? १९०१ साली मसूरच्या स्टेशनावर नीटनेटके कपडे घातलेली काही मुले उतरली. स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली, आणि मुले महारांची आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटला. पुढे गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतःच बैल हाकावे, असे ठरले. त्या मुलांतल्या भीमरावाने पुढे ही हकीकत लिहून ठेवली आहे. तेव्हा कोण कोणत्या डब्यात बसला आहे हा प्रश्न क्षुल्लक आहे, असे निदान आपणांस तरी म्हणता येणार नाही.

आता कादंबरीकडे येऊ. सिम्प्लॉन ओरिएंट एक्सप्रेस इस्तंबूलहून निघते आणि युगोस्लाव्हियात विन्कोव्ह्त्सी व ब्रॉद यांच्या दरम्यान बर्फात अडकते. (१९२९ साली तुर्कस्थानात ही गाडी खरोखरच काही दिवस बर्फात रुतली होती, आणि १९३१ साली पावसाने मार्ग वाहून गेल्यामुळे बाई स्वतः या गाडीत अडकून पडल्या होत्या.) रात्री रॅचेट नावाच्या श्रीमंत अमेरिकन माणसाचा खून होतो. अंगावर बारा वार. हा रॅचेट म्हणजे आर्मस्ट्राँग कुटुंबातील लहान मुलीला पळवून ठार मारणारा आणि पैशाच्या जोरावर सुटलेला गुन्हेगार निघतो. यामागे १९३२ सालचे लिंडबर्ग प्रकरण आहे हे उघड आहे. त्या प्रकरणात लिंडबर्गच्या सासुरवाडीच्या एका इंग्रज मोलकरणीने पोलिसांच्या प्रश्नांच्या धास्तीने जीव दिला होता, आणि पुढे ती निर्दोष ठरली. कादंबरीतही अशी एक दुर्दैवी दासी आहे.

डब्यातील प्रवासी पाहा. अमेरिकन बाई, अमेरिकन चिटणीस, अमेरिकन गुप्त पोलीस, इंग्रज नोकर, इंग्रज शिक्षिका, इंग्रज कर्नल, रशियन राजकन्या, तिची जर्मन दासी, हंगेरीचे सरदार जोडपे, स्वीडनची परिचारिका, अमेरिकेत मोटारी विकणारा इटालियन, आणि फ्रेंच कंडक्टर. तपास करणारा एर्क्यूल प्वारो हा बेल्जियन, पहिल्या महायुद्धात देशोधडीला लागून इंग्लंडात आलेला निर्वासित. वागाँ-लीचा संचालक बूक महाशय हाही बेल्जियन. हा बूक प्रथमपासून छातीठोकपणे सांगत राहतो की खून इटालियनानेच केला. पुरावा? इटालियन लोक सुरा वापरतात! इंग्रज माणूस थंड रक्ताचा, तो असे वार करणार नाही. बाईंनी हे सारे पूर्वग्रह आपल्या वाचकांच्याच मनातून उचलले आहेत आणि त्यांच्याच वाटेत काट्यांसारखे पेरले आहेत. वाचक त्या वाटेने गेला की फसलाच.

आणि रहस्याची किल्ली कोणती? प्वारो स्वतःशी विचार करतो : इतक्या वेगवेगळ्या देशांची आणि इतक्या वेगवेगळ्या दर्जांची माणसे ऐन थंडीत एका डब्यात कशी जमली? अशी मंडळी एका छपराखाली कोठे सापडेल? उत्तर एकच. अमेरिकेत. एखाद्या अमेरिकन श्रीमंताच्या घरी इटालियन मोटारहाक्या, इंग्रज शिक्षिका, स्वीडिश दाई, जर्मन स्वयंपाकीण आणि फ्रेंच दासी असू शकते. म्हणजे हा डबा हेच आर्मस्ट्राँगचे घर! न्यायालयाने सोडलेल्या गुन्हेगाराला शिक्षा देण्यासाठी बारा जणांनी स्वतःचे ज्यूरी मंडळ बनविले होते. माणसांचे वैविध्य ही या कथेत शोभेची बाब नाही. तोच पुरावा आहे.

ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे वादाचे स्वरूपच बदलते. कारण आता असा प्रश्न विचारता येतो की, बाईंनी सर्व देशांच्या माणसांचे म्हणून जे अमेरिकन घर रंगविले ते खरोखर कितपत अमेरिकन होते? त्या घरात युरोपातले सगळे आहेत, आणि युरोपाबाहेरचा एकही नाही. १९३०च्या सुमाराच्या न्यूयॉर्ककडील श्रीमंत घरी कृष्णवर्णीय स्वयंपाकीण, मोलकरीण किंवा मोटारहाक्या असणे ही अगदी रोजची गोष्ट होती. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून दक्षिणेतील लाखो कृष्णवर्णीय लोक उत्तरेकडील शहरांत येऊन राहिले होते. न्यूयॉर्कचे हार्लेम त्यांनीच गजबजून टाकले होते. दुसरी गोष्ट, अमेरिकेचे दार सर्वांना उघडे आहे ही कल्पनाही तोवर शिळी झाली होती. १९२३ साली भगतसिंग थिंड या पंजाबी शीखाला, तो गोरा नाही म्हणून, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले. १९२४च्या कायद्याने आशियाच्या लोकांना जवळजवळ बंदीच झाली, आणि दक्षिण व पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्याही कापली गेली. फोस्कारेलीसारखा इटालियन १९३४ साली नव्याने निघाला असता तर त्याला प्रवेश मिळण्याची मारामार पडली असती. म्हणजे ब्रॅना यांनी डब्यात कृष्णवर्णीय डॉक्टर आणि मार्केझ नावाचा मोटार-विक्रेता बसविला, तेव्हा मूळ तर्काला त्यांनी धक्का लावला नाही. उलट, 'असे घर केवळ अमेरिकेतच' हे म्हणणे त्यामुळे अधिक खरे झाले.

राहिला डॉक्टर. १९३४ साली असा डॉक्टर असणे शक्य होते काय, याचे उत्तर लंडनच्या पेकहॅम भागात मिळते. हॅरॉल्ड मूडी हा जमैकाचा तरुण १९०४ साली वैद्यकी शिकण्यास लंडनला आला. किंग्ज कॉलेजात त्याने नाव मिळविले. परीक्षा उत्तम रीतीने उतरला. परंतु रुग्णालयात नेमणुकीची वेळ आली तेव्हा कातडीचा रंग आड आला. मग १९१३ साली त्याने पेकहॅममध्ये स्वतःचा दवाखाना थाटला, आणि १९३१ साली 'लीग ऑफ कलर्ड पीपल्स' ही संस्था स्थापन केली. लेस्ली ओडम यांनी रंगविलेला डॉक्टर अर्बथनॉट ज्या वर्षी पडद्यावर गाडीत बसतो, त्या वर्षी खरा डॉक्टर मूडी पेकहॅममध्ये रोगी तपासत होता. पॉल रोबसन यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. १९२९ साली लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या भोजनगृहात त्यांना प्रवेश नाकारला गेला. आणि पुढच्याच वर्षी त्याच इमारतीला लागून असलेल्या सॅव्हॉय नाट्यगृहात ते ऑथेल्लो म्हणून उभे राहिले, समोर डेस्डिमोनाच्या भूमिकेत पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट! रंगभूमीवर चालेल, जेवणाच्या टेबलावर नाही. आमच्या क्रिकेटप्रेमी श्रोत्यांना वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन ठाऊक असतीलच. १९२९पासून ते लँकेशायरातील नेल्सन क्लबाकडून खेळत होते आणि त्यांना पाहण्यास गर्दी लोटत असे. त्यांनाही १९४३ साली लंडनच्या एका हॉटेलने बिऱ्हाड नाकारले, आणि १९४४ साली त्यांनी तो खटला जिंकला. गंमत अशी की कादंबरीतील प्रेताची तपासणी करणाऱ्या ग्रीक डॉक्टरचे नावही कॉन्स्टंटाइनच आहे. चित्रपटात हा डॉक्टर आणि कर्नल अर्बथनॉट यांना एकत्र करून एकच पात्र बनविलेले आहे.

तेव्हा असा मनुष्य असणे शक्य होते. पण त्याला बसू दिले गेले असते का, आणि बसल्यावर शेजारचे कसे वागले असते, हा पुढचा प्रश्न चित्रपटाने टाळलेला नाही, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. येथे एक भेद सांगितला पाहिजे. बालगंधर्व शकुंतला म्हणून उभे राहत तेव्हा प्रेक्षक नटाचा देह विसरून जात. विसरणे हाच त्या नाट्याचा करार होता. २०१९ साली देव पटेल यांनी डेव्हिड कॉपरफील्डची भूमिका केली ती याच कराराने. त्यांचा रंग गोष्टीत कोणीच पाहत नाही. अर्बथनॉटचे तसे नाही. येथे नटच नव्हे, पात्रच कृष्णवर्णीय आहे, आणि त्याचा रंग विसरू नका असे गोष्ट आपणांस सांगते. प्राध्यापक म्हणून मिरविणारा ऑस्ट्रियन हार्डमन जेवणाच्या डब्यात त्याच्या टेबलाशी बसण्यास नकार देतो आणि तांबडा व पांढरा मद्यार्क मिसळला तर दोन्ही बिघडतात अशा अर्थाचे काही बोलतो. त्यावर मेरी डेबनहॅम शांतपणे दोन्ही एका पेल्यात ओतून पिते. याहून महत्त्वाचे बूकचे बोलणे. कादंबरीतला बूक इटालियनावर संशय घेत होता. चित्रपटातला बूक प्वारोला विनवितो की तपास तुम्हीच करा, पोलिसांच्या हाती गेला तर ते मार्केझला त्याच्या नावापायी किंवा डॉक्टरला त्याच्या रंगापायी फाशी देतील. येथे पटकथाकार मायकेल ग्रीन यांनी फार मार्मिक काम केले आहे. प्वारोने तपास का करावा याला कादंबरीत मित्राची विनंती आणि कंपनीची अब्रू एवढेच कारण होते. येथे निरपराध माणसाचा जीव टांगणीला लागला.

मात्र एका ठिकाणी चित्रपटाचा धीर सुटला असे आम्हांस वाटते. शेवटी कळते की हार्डमन हा ऑस्ट्रियन नव्हेच. तो अमेरिकन आहे, आणि त्याचा वंशद्वेष हे पांघरलेले सोंग होते. म्हणजे बारांपैकी कोणाच्याच मनात खरोखरी काही मळ नाही! १९३४ साली बारा माणसे एकत्र आली आणि एकाच्याही मनात दुसऱ्याच्या वंशाविषयी अढी नाही, हे आम्हांस डॉक्टरच्या उपस्थितीपेक्षा कितीतरी अधिक अशक्य वाटते. कादंबरीतली माणसे या बाबतीत प्रामाणिक आहेत. कर्नल अर्बथनॉट परक्यांना तुच्छ लेखतो, चिटणीस मॅक्वीन ब्रिटिशांना नाके मुरडतो, हबर्डबाईंना अमेरिकेवाचून जगात शहाणपण दिसत नाही. आणि एवढे असूनही ही माणसे एका मुलीच्या खुनाचा सूड घेण्यासाठी एकत्र येतात. अढी मनात ठेवून एकत्र येणे हेच खरे तर अवघड. १९३४च्या पुस्तकात माणसांचे रंग अपुरे होते, पण मने पुरी होती. २०१७च्या चित्रपटात रंग आले, तर मने धुऊन काढली गेली.

१९७४च्या चित्रपटाचा उल्लेख येथे केला पाहिजे. त्यात सगळे गोरे, शॉन कॉनरी कर्नल अर्बथनॉट. इन्ग्रिड बर्गमन यांनी स्वीडिश बाईची छोटीशी भूमिका करून ऑस्कर पारितोषिक मिळविले. त्यांची ग्रेटा आफ्रिकेत धर्मप्रचारक आहे आणि तेथल्या सावळ्या बाळांविषयी कळवळून बोलते. आफ्रिका त्या गाडीत एवढीच येते : कोणाच्या तरी दयेचा विषय म्हणून. या चित्रपटाचे एक निर्माते लॉर्ड ब्रेबर्न. यांचे वडील १९३३ ते १९३७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते, आणि चर्चगेटजवळचे स्टेडियम त्यांच्याच नावाचे. म्हणजे पुस्तक निघाले त्या वर्षी भावी निर्मात्याचे वडील मलबार टेकडीवरून आपला कारभार पाहत होते.

येथून आम्ही अशा एका गैरहजेरीकडे वळतो की जिच्याविषयी त्या साऱ्या वादात कोणी फारसे बोलले नाही. कादंबरीतला कर्नल अर्बथनॉट हिंदुस्थानातून रजेवर निघालेला अधिकारी आहे. तो पी. अँड ओ.च्या बोटीने न जाता खुष्कीच्या मार्गाने, वाटेत ऊर आणि बगदाद पाहत जातो, याचे प्वारोला नवल वाटते. मिस डेबनहॅमची भलावण करताना तो तिला 'पक्का साहिब' म्हणतो. आमचा एक शब्द गाडीत बसला आहे, माणूस नाही. आणखी पाहा. खुनाच्या रात्री कर्नल आणि मॅक्वीन कोठे होते? दोघेही सांगतात, आम्ही एकाच्या खोलीत गप्पा मारीत होतो. कशाविषयी? जगाचे राजकारण, अमेरिकेतली आर्थिक आपत्ती, आणि हिंदुस्थानचा राज्यकारभार! निर्दोषपणाच्या पुराव्यासाठी हिंदुस्थान उपयोगी पडला. एक इंग्रज आणि एक अमेरिकन मध्यरात्रीपर्यंत आपल्या देशाचे काय करावे याची चर्चा करतात, आणि ती ऐकण्यासही डब्यात हिंदी माणूस नाही.

हा केवळ कादंबरीतला योगायोग नव्हे. 'प्रतिनिधित्व' हा शब्द त्या वर्षांत महाराष्ट्रात ज्या अर्थाने पेटला होता तो आठवून पाहा. १९३० ते १९३२ या काळात लंडनला गोलमेज परिषदा झाल्या. डॉ. आंबेडकर आणि बॅरिस्टर जयकर त्यांत बोलले. तेथला मुख्य प्रश्नच असा होता की कोणाच्या वतीने कोणी बोलावयाचे. १९३२च्या ऑगस्टात जातीय निवाडा आला. त्यात अस्पृश्यांना ७१ जागा आणि स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. येरवड्यात गांधींचे उपोषण सुरू झाले, आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार होऊन संयुक्त मतदारसंघात १४८ राखीव जागा ठरल्या. ज्या वर्षी लिंडबर्गचे मूल पळविले गेले त्याच वर्षीची ही गोष्ट. तेव्हा कर्नलसाहेब ज्या विषयावर रात्र जागवीत होते त्या विषयावर येरवड्याच्या तुरुंगात एक माणूस प्राण पणाला लावून बसला होता आणि दुसरा माणूस त्या प्राणाचे ओझे डोक्यावर घेऊन आपल्या लोकांच्या हक्कासाठी भांडत होता. पडद्यावर जागा मिळणे आणि विधिमंडळात जागा मिळणे या एकच गोष्टी नव्हेत हे आम्हांस कळते. पण दोन्हीकडे प्रश्न एकच विचारला जातो : तुमच्याविषयी बोलणे चालू आहे तेव्हा तुम्ही खोलीत आहात की नाही?

या दृष्टीने पाहिले तर २०१७च्या चित्रपटात एक विचित्र उलाढाल झाली. अर्बथनॉट डॉक्टर झाला आणि त्याच क्षणी त्याच्याबरोबर हिंदुस्थान गाडीतून उतरला. कृष्णवर्णीय प्रवासी आत आला, हे चांगले झाले. पण साम्राज्याचा शिपाई बाहेर गेला, आणि तो काय करून आला, कोठून आला, हे विचारण्याची सोयही त्याच्याबरोबर गेली. चित्रपटाच्या आरंभी जेरुसलेममध्ये एक प्रसंग घातला आहे, तो मात्र या उणिवेची थोडी भरपाई करतो. पवित्र वस्तूची चोरी होते. संशय एक पाद्री, एक रब्बी आणि एक इमाम या तिघांवर. आणि प्वारो दाखवून देतो की चोर ब्रिटिश पोलीस अधिकारी आहे. ब्रिटिश अंमलाखालील पॅलेस्टाइनात १९३४ साली हे घडते असे दाखविणे म्हणजे साम्राज्यावर बोट ठेवणेच होय. हा प्रसंग कादंबरीत नाही. कादंबरीचा आरंभ अलेप्पोच्या स्टेशनावर होतो. पण जेरुसलेमच्या त्या प्रसंगानंतर गाडी सुटते आणि हा विषय मागेच राहतो. इस्तंबूलहून निघणाऱ्या गाडीच्या या प्रसिद्ध डब्यात, कादंबरीत काय किंवा चित्रपटात काय, एकही तुर्क प्रवासी नाही हेही जाता जाता नोंदवून ठेवू.

ब्रॅना यांनी पुढे २०२२ साली 'डेथ ऑन द नाईल' पडद्यावर आणला. तेथे १९३७ साल आहे. कादंबरीतील लेखिका सलोमी ऑटरबर्न चित्रपटात कृष्णवर्णीय गायिका झाली. सोफी ओकोनेडो यांनी ती भूमिका अशी केली आहे की बोटीवरचे बाकीचे प्रवासी तिच्यापुढे फिके पडतात. आणि कादंबरीतील अमेरिकन कारभारी पेनिंग्टन याच्या जागी लखनौकडचे अली फजल आले आहेत. श्रीमंत लिनेटचे चुलत नात्यातले, तिची कागदपत्रे सांभाळणारे. नाव मात्र काचादूरियन, म्हणजे आर्मेनियन वळणाचे. हिंदी नट अखेरीस पहिल्या वर्गात पोहोचला. चांगले कपडे, चांगले टेबल, कोणी खाली उतर म्हणत नाही. तो त्या घराण्यात कसा आला, १९३७ साली त्याच्या देशात काय चालले होते, याविषयी बोटीवर कोणीही त्याला काही विचारीत नाही.